दवाखाना आणि देवस्थान यांपलीकडची सहल

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



अपंग स्त्रियांना राहता येईल असं सुट्टीचं घर आपल्या भागात उभं राहावं, या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आपल्यातल्याच एकीनं मला विचारलं, "अगं, पेन्शन वेळेवर मिळत नाही, नोकरी नाही, घरात मारहाण होते. हे सगळं सोडून सहलीचं काय काढलंस?" तिचा प्रश्न रास्त आहे. मीही हाच प्रश्न स्वतःला बरीच वर्षं विचारला. त्याचं उत्तर देण्यासाठी आधी माझ्या प्रवासांबद्दल सांगते.

माझं गाव वाळवा तालुक्यातलं. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. लहानपणी मी दोनच ठिकाणी गेले. एक मिरज, दुसरी नरसोबाची वाडी. मिरजेला पाय सरळ करून घ्यायला आणि वाडीला पाय मागायला. नऊ वर्षांची होईपर्यंत आईनं मला कडेवर घेऊन हे प्रवास केले. बाकीची भावंडं जत्रेला, मामाच्या गावाला, शाळेच्या सहलीला जात. मला कुणी मुद्दाम मागं ठेवत नव्हतं. पण "तिला कुठं त्रास द्यायचा" असं म्हणत, आणि मी घरी राहत असे.

पुढं मी अनेक अपंग बायकांना विचारलं, की तू आजवर कुठं कुठं गेलीस? उत्तरं जवळपास सारखीच आली. दवाखाना, देवस्थान, दाखल्यासाठी जिल्ह्याचं गाव. म्हणजे आम्ही घराबाहेर पडायचं ते एक तर बरं होण्यासाठी, नाही तर आम्ही खरोखरच अपंग आहोत हे सिद्ध करण्यासाठी. नुसतं बघायला, हिंडायला, गप्पा मारायला, चार दिवस कुणाच्या उपयोगी न पडता राहायला कुणीही गेलेली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं महाबळेश्वरची सहल काढली. तोवर मी कुबड्या सोडून चाकाच्या खुर्चीवर आले होते. लॉजवाल्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "सगळी सोय आहे, बिनधास्त या." पोचलो तर दारात पाच पायऱ्या. खोली खाली होती, पण न्हाणीघराचं दार चोवीस इंची. माझी खुर्ची त्यातून जाईना. मग दर वेळी दोघींनी मला उचलून आत न्यायचं. दार लावता येत नव्हतं, म्हणून एकीनं साडी धरून उभं राहायचं. पहिल्या संध्याकाळपासून मी पाणी पिणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ आणि ताप घेऊन घरी आले.

माझी धाकटी वहिनी माझ्यासोबत होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आलात याचं लई बरं वाटलं. पण मी काई बघितलं न्हाई." ती रागानं बोलली नव्हती. तिची पाठ दुखत होती आणि ती खरं बोलत होती. लग्नानंतर पंधरा वर्षांनी ती पहिल्यांदा कामाशिवाय घराबाहेर पडली होती आणि ते तीन दिवस तिनं मला उचलण्यात घालवले. त्या चोवीस इंची दारानं एका नव्हे, दोन बायकांची सुट्टी घेतली.

म्हणून मी हा विषय स्त्रियांचा म्हणून मांडते आहे. अपंग माणूस पुरुष असो की बाई, त्याला उठवणारी, न्हाऊ घालणारी, भरवणारी बहुतेक घरांत बाईच असते. आई, बायको, सून, बहीण. तिच्या या कामाला रजा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातला आकडा २९ लाखांच्या वर होता. यातल्या किती जणींच्या आणि जणांच्या मागं एकेक बाई उभी आहे, ते कुठल्याही जनगणनेत मोजलेलं नाही. नीट बांधलेलं घर या दोघींनाही विसावा देतं. एकीला दुसरीच्या अंगावर भार न होता राहता येतं आणि दुसरीला सकाळचा चहा बसून पिता येतो.

आता "ही चैन नाही का?" या प्रश्नाकडे येते. विश्रांती ही चैन आहे असं आपल्याला कुणी शिकवलं? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क लिहिलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. भारतानं तो २००७ साली मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत, खेळ यांत सहभागी होण्याचा हक्क आहे आणि पर्यटनाच्या जागांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सहाव्या कलमात अपंग स्त्रियांची वेगळी दखल घेतली आहे. पेन्शन आधी की सहल आधी, असा हा वादच नाही. जिला आयुष्यभर "तुला कुठं न्यायचं" असं ऐकावं लागलं, ती पेन्शनसाठी तहसील कचेरीत भांडायला तरी कशी जाणार? बाहेर पडण्याची सवय हीसुद्धा ताकद आहे. हे आपण बायकांच्या शिबिरांतूनच शिकलो की नाही?

कायदाही आपल्या बाजूला आहे, फक्त तो झोपलेला असतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रस्ते आणि इमारती सोयीच्या करण्याची तरतूद होती, पण "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" असे शब्द घालून पळवाट ठेवली होती. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा बराच पुढं गेला. सार्वजनिक वापराची इमारत मग ती खाजगी मालकीची का असेना, लॉज असो की मंगल कार्यालय, सुगम्यतेच्या नियमांनुसार नसेल तर तिला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं तो सांगतो. जुन्या इमारतींनाही मुदत घालून दिली. तरी नियम असे केले की ते पाळणं ऐच्छिकच ठरलं. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं हा नियम रद्द ठरवला आणि किमान सोयी सक्तीच्या करणारे नियम करा, असं सरकारला बजावलं. तेव्हा लॉजवाल्याकडे आपण उपकार मागत नाही, हे आधी आपल्या मनात पक्कं असू दे.

असं घर कुणी करायचं? उत्तर शेजारच्या कोल्हापुरात आहे. नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली अपंगत्व आलं. त्यांनी नोकरी करता करता १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह काढलं, पुढं सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' उभी केली, तिथं काजू प्रक्रियेचं काम अपंग माणसं करतात. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन आपल्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. ते सुट्टीचं घर नव्हे, पण त्यातून एक धडा मिळतो. जिला गरज आहे तीच ठरवायला बसली की दार किती रुंद हवं यावर वाद होत नाही.

दुसरा धडा दूरचा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली एका बाईंनी अपंगांसाठी सुट्टीची घरं चालवणारी धर्मादाय संस्था सुरू केली. बरोबर आलेल्या घरच्या माणसांनाही तिथं विश्रांती मिळे. साठ वर्षं ती चालली, आणि २०२४ साली खर्च पेलेना म्हणून तिनं आपली केंद्रं बंद केली. नुसत्या देणग्यांवर उभं राहिलेलं घर देणग्या आटल्या की मिटतं. म्हणून आपलं घर धर्मशाळा नको. तो बायकांनी चालवलेला व्यवसाय हवा. पाहुणी पैसे देईल आणि म्हणून तक्रारही करू शकेल.

जागेबद्दल बोलू. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ सालापासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. शिवाय तिथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. उतारावर, शेवाळावर चाकाची खुर्ची आणि कुबडी दोन्ही घसरतात. माझ्या मते वाई किंवा सातारा शहराच्या आसपास, पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळ, सपाट जागेवरचं तयार घर घेऊन दुरुस्त करणं शहाणपणाचं. सांगलीकडे पाहायचं तर पूररेषेच्या बाहेर. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण भोगले आहेत. पाणी चढायला लागल्यावर जिला स्वतः पळता येत नाही तिला नदीकाठी उतरवणं हा गुन्हा ठरेल.

तिथं राहून बघायचं काय? पुष्कळ आहे. पाचगणीचं टेबल लँड सपाट आहे. कासच्या पठारावरून रस्ताच जातो. अजिंक्यताऱ्यावर बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते. भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं. सांगलीकडे हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. मिरजेत सतारमेकरांची घरं आहेत, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मिरजेला मी पाय सरळ करायला गेले, तिथं एखाद्या अंध मैत्रिणीला भोपळ्यावरून हात फिरवून, तार छेडून वाद्य कसं घडतं ते समजून घेता येईल. पण प्रत्येक ठिकाणी आधी आपण स्वतः जाऊन पायऱ्या मोजायच्या, संडास पाहायचा, मगच पाहुणीला न्यायचं. प्रतापगड आणि सज्जनगड पायऱ्यांचे आहेत, तर तसं स्पष्ट सांगायचं.

आता घर. यात फार मोठी विद्या नाही, मोजपट्टी लागते. उताराचं प्रमाण एकास बारा. जोतं दोन फूट असेल तर उतार चोवीस फूट लांब. सहा फुटांत उतरवलेला उतार म्हणजे घसरगुंडी. दारं तीन फुटांची. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि बाहेरून मदत करता येईल अशी आतली कडी. आत खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा. कमोड खुर्चीच्या बैठकीएवढा उंच, बाजूला भिंतीत पक्का बसवलेला आडवा दांडा. तो अंगाचा सगळा भार पेलेल असा हवा, टॉवेल वाळत घालायचा नव्हे. अंघोळीला बसायचं आसन आणि हाताचा फवारा. पलंग खुर्चीच्या उंचीचा. फरशी खरबरीत. दिव्याची बटणं बसून हात पोचेल अशी.

अपंगत्व म्हणजे फक्त चाकाची खुर्ची नव्हे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. अंध पाहुणीसाठी खोलीच्या दारावर ब्रेल अक्षरं, वाटेला धरून चालायचा कठडा. कमी दिसणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला गडद पट्टा. कर्णबधिर पाहुणीसाठी बेल वाजली की लागणारा दिवा, आणि खुणांची भाषा येणारी निदान एक कामगार. गतिमंद मुलीच्या आईला हवी असते शांत खोली आणि मुलगी ओरडली तर वळून न बघणारी माणसं. ही शेवटची सोय बांधून मिळत नाही, ती शिकवावी लागते.

कामगारांबद्दल मी आग्रहानं बोलते. उठवणं, न्हाऊ घालणं हे कौशल्याचं काम आहे. ते करणाऱ्या बाईला शिक्षण द्यायचं, पुरेसा पगार द्यायचा, साप्ताहिक सुट्टी द्यायची. "सेवाभाव" म्हणून तिला कमी पैशांत राबवलं, तर घरातलं शोषण आपण दुसऱ्या घरात नेलं इतकंच होईल. हिशेब, स्वागत, स्वयंपाक, फोन ही कामं अपंग बायकांना मिळाली पाहिजेत. आणि सुरक्षितता. अपंग मुलींवरचे अत्याचार बऱ्याचदा ओळखीच्या, मदत करणाऱ्या माणसाकडूनच होतात, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून बाईच्या अंगाला हात लावायचं काम बाईच करील, तेही तिला विचारून. तिच्या खोलीची कडी तिच्या हातात राहील.

पैसा कुठून आणायचा? २०२३ साली राज्य सरकारनं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण काढलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, शेतावरचं घर असेल तर ते उपयोगी पडेल. आणि आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. सह्या येत नाहीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, तर बाया लिहायला शिकून परत गेल्या. आपल्याला सुरुवात कशी करायची याचं याहून चांगलं उदाहरण नको.

जाहिरातीबद्दल दोनच गोष्टी. पहिली, "सर्व सोयी उपलब्ध" हे शब्द आपल्या पत्रकावर कधीही छापायचे नाहीत. त्याऐवजी छापायचं: दारात पायऱ्या शून्य, न्हाणीघराचं दार छत्तीस इंच, पलंगाची उंची अमुक, कमोडची उंची अमुक, आणि संडासाचा फोटो. हो, संडासाचा. डोंगरामागचा सूर्यास्त सगळेच छापतात. जी गोष्ट नाही, तीही छापायची. दुसरी, फोटोतली अपंग बाई बिचारी दिसता कामा नये, आणि तिच्या परवानगीशिवाय तर फोटो नकोच. हे पत्रक मिरजेच्या दवाखान्यांतल्या व्यायामोपचार विभागांत, विशेष शाळांत, अपंगांच्या संघटनांत आणि महिला मंडळांत पोचवायचं. आणि हे घर फक्त अपंगांसाठी आहे असं म्हणायचं नाही. गुडघे दुखणारी आजी, बाळंतीण, लकवा झालेले वडील, सगळ्यांनाच पायरी नसलेलं घर लागतं. देशाला २०१४ साली पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, तरी म्हातारपणापासून मुक्ती कुणाला मिळाली आहे?

वाहतुकीचा प्रश्न उरतोच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. आपण त्याचं स्वागत केलं. पण भाडं निम्मं झालं तरी एसटीची पायरी होती तेवढीच उंच आहे. सातारा आणि मिरज स्टेशनवरून पाहुणीला आणायला खुर्चीसकट चढता येईल अशी एक गाडी लागेल. ती भाड्याची ठेवू, पण तिचा विचार पहिल्या दिवसापासून करू. घरापर्यंत पोचताच येत नसेल तर रुंद दारांचा काय उपयोग?

शेवटी जरा कडू बोलते. असं घर चालेल का, आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि पावसाळ्यात खोल्या कोण भरणार, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर या सभागृहात बसलेलं आहे. आपल्या संघटना वर्षभर शिबिरं घेतात, मेळावे घेतात, दोन-तीन दिवस मुक्कामी राहतात. गेली पंचवीस वर्षं मी आपल्या चळवळीत आहे. या वर्षांत मी जितक्या शिबिरांना आले, त्याहून जास्त शिबिरांना येऊ शकले नाही. जागा स्वस्त होती, माणसं ओळखीची होती, आणि पायऱ्या होत्या. प्रत्येक वेळी मैत्रिणी म्हणाल्या, "आम्ही उचलू की तुला." तुमचं प्रेम मला कळतं. पण मला उचलून घ्यायचं नाही, मला यायचं आहे. आज या सभागृहातही मागच्या दारानं, मालाच्या उतारावरून आले आहे.

म्हणून माझा ठराव साधा आहे. घर उभं राहायला दोन वर्षं लागतील, चार लागतील. पण पुढच्या शिबिराची जागा ठरवताना प्रत्येक संघटनेनं मोजपट्टी घेऊन जावं. दारं, पायऱ्या, संडास मोजावा आणि ती मापं आमंत्रणपत्रिकेवर छापावीत. जागा मिळाली नाही तर तेही छापावं. वर्षभरात दोन जिल्ह्यांतल्या जागांची मापं आपल्याकडे जमा होतील. ती यादी हेच आपल्या घराचं पहिलं काम आणि पहिली जाहिरात. आणि घर उभं राहील तेव्हा पहिली पाहुणी म्हणून माझ्या वहिनीचं नाव लिहून ठेवा. तिला महाबळेश्वर अजून बघायचं आहे.